रीलखालचा गृहपाठ

अंबडच्या कंपनीतली पहिली पाळी सुटली आणि वैष्णवीच्या रीलमध्ये एक हेल्मेट घुसलं. चहाच्या टपरीसमोर मोबाईल उभा करून ती ‘हँग आउट’ समजावत होती.

“सॉरी मॅडम... मी तुमचाच विद्यार्थी,” हेल्मेट काढत तो म्हणाला. “सुयश. नामपूरचा.”

“रोज कमेंट करणारा?”

“रोज...” आणि स्वारी कानापर्यंत लाल!

वैष्णवी सिडकोतल्या क्लासात इंग्रजी शिकवायची आणि इन्स्टावर रोज दोन शब्दांचं एक क्रियापद. पोरं दिवसभर ‘लॉग इन’, ‘साइन अप’ करतात, पण वाक्य बोला म्हटलं की दातखीळ बसते. म्हणून तिची अट होती – रीलखाली स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य लिहायचं.

सुयश लिहायचा झकास. शनिवारी टपरीवर भेटला की मात्र नुसता बघत राहायचा.

“बोला की काहीतरी!”

“तुम्ही समोर असलात की मला मराठीसुद्धा सुचत नाही.”

वैष्णवीला तो आवडला होता, अगदी मनापासून. तीन महिने वाट बघून एका शनिवारी तिनेच सांगितलं, “पुढच्या रविवारी पुण्याचा मुलगा बघायला येतोय मला.”

“अच्छा... चांगलंय,” तो म्हणाला. निम्मा चहा बशीबाहेर.

मनात भरलेला माणूस असा मूग गिळून बसलेला! ती तणतणत घरी गेली. सोमवारच्या रीलला तिने मुद्दाम ‘शो अप’ निवडलं. म्हणजे ठरल्या जागी हजर होणं.

संध्याकाळी बाबा नेहमीप्रमाणे तिच्या कमेंटी वाचत बसले होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग.

“वैष्णवी, हा नामपूरकर इंग्रजीत लिहितोय – ‘रविवारी तुमच्या घरी एक मुलगा येणार आहे. मलाही यायचंय. तुम्ही मला फार आवडता.’ इंग्रजी अगदी बरोबर आहे हं!”

तिने ती कमेंट सगळ्यात वर पिन केली आणि त्याला फोन लावला.

“वेडा आहेस का तू? अख्ख्या नामपूरनं वाचलं असेल!”

“आईनं वाचून दाखवायला लावलं. म्हणाली, लिवलं ना? मग आता जाय. पण... तो पुण्याचा?”

“त्यांना बाबांनी कालच नकार कळवला. मीच सांगितलं तसं.”

“काल? पण मी तर आज...”

“तुझ्या कमेंटसाठी थांबले असते तर म्हातारी झाले असते. तू आवडतोस मला, सुयश. रविवारी अकरा वाजता ये, आईला घेऊन.”