तांबड्या सड्यावर पाच जण

सिद्धू धुक्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात सुभेदारांचा फेटा होता. फेट्याची एक बाजू रक्तानं भिजली होती.

“बाई,” तो धापा टाकत म्हणाला, “सुबेदार गेलं. खिंडीच्या पल्याड, घळीत पडल्यात. डोस्क्यात दगूड घातलाय कुणीतरी.”

कपारीत बसलेली बनुबाई त्या फेट्याकडं बघत राहिली. सुभेदार हंबीर तिच्या पाठचा भाऊ, तीन वर्षांनी लहान, पण चारचौघांत ती त्याला दादाच म्हणायची. सगळी लढाई करून एक ओरखडा न घेता परत आला होता. तो या डोंगरात, वनभोजनाला येऊन मेला? तिला रडू आलं नाही. तिला भीती वाटली, आणि इतकी वाटली की दातावर दात वाजू लागले.

बनुबाई मूळची वडूजची, रहिमतपूरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. शाळेत तिचा दरारा, पण घरात ती जन्माची भित्री भागूबाई. पाल दिसली तरी पाटावर चढणारी. अशी माणसं एक करतात, सारखं इकडंतिकडं बघत राहतात आणि मोजत राहतात. वाटेत पायऱ्या किती, माणसं किती, कोण पुढं, कोण मागं. आजही ती सकाळपासून तेच करत होती.

सेहेचाळीस सालचा भादवा सरत आलेला. पाटणच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ आहे, मैलभर लांब. पावसानं दगड खाऊन खाऊन त्याच्या गल्ल्या, भोकं, खांब आणि कपारी केलेल्या. तो बघायला सुभेदार हंबीररावांनी वडूजहून माणसं आणली होती. बरोबर थोरली बहीण बनुबाई, होणारा जावई नानासो, फोटो काढायला साताऱ्याचे चांदसाहेब, आणि वाटाड्या म्हणून वाडीतला धनगर सिद्धू. नानासोही लढाईवरून आलेला, वडूजचाच; जखमी साहेबाला गोळ्यांतून वाचवला म्हणून गाव त्याला हार घालत होतं. सुभेदारांच्या शेवंताशी त्याची सुपारी फुटली होती आणि तुळशीचं लग्न उरकलं की बार उडवायचा होता.

चढ संपता संपता शेवटचं हिरड्याचं झाड लागलं, तिथं सिद्धूनं सगळ्यांना एकेक डहाळी मोडून दिली होती. स्वतःसाठी जुडगाच कमरेला खोचला.

“खिंडीत म्हसोबा हाय. जाताना-येताना, दर खेपंला डहाळी वाहायची. न्हाईतर त्यो वाट चुकवतो.”

“दगडाला पाला घालायला मी शेळी हाय का रं?” म्हणून सुभेदार हसले होते आणि त्यांनी डहाळी फेकून दिली होती. चांदसाहेबांनी मात्र वाहिली. देव तुमचा, पण वाट सगळ्यांची, असं म्हणाले. बनुबाईनं वाहिली आणि सवयीनं वर एक खडा ठेवला. नानासोनंही ठेवला. वडूजकडचा माळ उघडा, वारा पिसाळलेला. तिकडं डहाळीवर खडा ठेवला नाही तर देवापर्यंत ती पोचतच नाही. सिद्धूला त्याचं हसू आलं होतं. इकडं असं कुणी करत नाही, म्हणाला.

“देवाला चुकवू नगा, सुबेदार,” तो मग गंभीर होऊन बोलला होता. “परत याल का न्हाई सांगता येत न्हाई.”

आता तेच बोलणं त्याच्या गळ्याशी आलं.

“ऐकलं न्हवं आक्का, सकाळी काय म्हणाला ते?” नानासो सिद्धूच्या अंगावर धावला. “ह्यानंच घातलाय दगड! मामांनी देवाची टिंगल केली, त्याचा राग! हात बांधा ह्याचं.”

त्यानं सिद्धूच्याच खांद्यावरचा दोर ओढून त्याचे हात मागं करकचून आवळले. सिद्धूचा चेहरा राखेसारखा झाला होता. खाली वाडीत गाडीजवळ सुभेदारांची चार माणसं काठ्या घेऊन बसली होती, आणि धन्याचा खुनी म्हणून हा त्यांच्या हाती पडला तर पोलीस यायच्या आत काय होईल, हे त्याला कळत होतं. बनुबाईलाही कळत होतं.

“थांबा,” ती म्हणाली. आवाज चिरकला. “मला आधी विचारू द्या.”

“काय विचारायचं राहिलंय?”

“सगळंच.”

कपारीपाशी, अंजनीच्या एकुलत्या झुडपाजवळ जेवण झालं तेव्हा उन्हं होती. मग पाच मिनिटांत धुकं आलं आणि हातावरचं दिसेना. सुभेदार उठले. खिंडीपलीकडं वाट मोकळी आहे का बघून येतो, म्हणाले. सिद्धू नको नको म्हणत असताना गेलेही. सिद्धू टाक्यावर पाणी आणायला गेला. नानासो आलोच म्हणून उठला. चांदसाहेब आपला कॅमेरा घेऊन कुठंतरी बाजूला गेले. बनुबाई कपारीत एकटी राहिली. अर्ध्या तासानं सिद्धू पाणी घेऊन आला, नानासोही आलेला होता, पण सुभेदार नव्हते. तेव्हा त्यांना शोधायला सिद्धूलाच पाठवलं होतं.

“सिद्धू, तू पाण्याला गेलास तेव्हा खिंडीत गेला होतास?”

“न्हाई बाई. टाकं हिकडल्या अंगाला. तुमी धाडलं तवाच गेलो.”

“दादाच्या अंगावर काय काय होतं?”

“कोट हुता. बोटात अंगठी हाय तशीच. घड्याळ बी हाय.” तो जरा घुटमळला. “कोटाचा आतला खिसा तेवढा उलटा झालाय. भाईर आलाय.”

नानासो म्हणाला, “चोर हाय, दुसरं काय!”

“अंगठी सोडून खिसा उलटा करणारा चोर?” चांदसाहेब हळूच म्हणाले.

जेवताना बनुबाईनं बघितलं होतं. हंबीरनं नानासोला खांबाआड नेलं होतं आणि खाकी पाकिटातला कागद दाखवला होता. परत आला तेव्हा नानासोनं भाकरीला हात लावला नाही. हंबीरनं पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं.

“चांदसाहेब, तुम्ही कुठं होतात?”

“त्या वाकड्या खांबाखाली, बाई. वीस पावलं असतील. काचा ओल्या झाल्या त्या पुसत बसलो. तुम्ही मारुतीचा धावा करत होतात तो सगळा ऐकला. मधे एकदा गप्प झालात तर मीच विचारलं, बाई बऱ्या आहात ना?”

ते खरं होतं. तिनं हुंकारही दिला होता.

“नानासो, तुम्ही?”

“मागल्या कपारीत पडलो हुतो. डोळा लागला.”

“खिंडीकडं गेला नाहीत?”

“न्हाई म्हणतोय न्हवं! सकाळी तुमच्यासंगं आलो तेवढाच. आता चला. ह्याला वाडीत नेऊन उभा करू.”

निघाले. पुढं बांधलेला सिद्धू, त्याच्या दोराचं टोक नानासोच्या मुठीत, मागं चांदसाहेब आणि बनुबाई. वाट सांगायची ती ज्याला मारायला न्यायचं त्यानंच. धुक्यात लाल खांब अचानक समोर यायचे आणि दर वेळी तिचं काळीज लक्कन हलायचं. तिला आता जवळजवळ कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच ती जास्त घाबरली होती. बोलावं तर हा लढाईत माणसं मारून आलेला गडी, इथं तिघांचंही धुक्यात काहीही करील. न बोलावं तर खाली सिद्धू जीवानिशी जाईल. वाडीत पोचल्यावर सांगू, असं तिनं स्वतःला दोनदा समजावलं. पण वाडीत तिचं ऐकायला काठ्या थांबणार नव्हत्या.

खिंड आली. सिद्धू थांबला.

“बाई, माझ्या कमरंची डहाळी काढून वाहता का? हात बांधल्यात.”

“सोंगं बघा ह्याची!” नानासोनं दोराला हिसका दिला.

बनुबाई पुढं झाली. म्हसोबाच्या शेंदरी दगडापुढं ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. वाळलेला जुना पाला बाजूला होता. ताज्या डहाळ्या तिनं मोजल्या. परत मोजल्या.

मग ती उठली आणि चांदसाहेबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. “चांदसाहेब,” ती म्हणाली, “सिद्धूचे हात सोडा.”

“आक्का!”

“सोडा म्हणते ना.” वर्गात वापरायचा तो आवाज तिला नेमका तेव्हा सापडला. चांदसाहेबांनी मुकाट्यानं गाठ सोडली.

“सकाळी आपण पाच जण इथून गेलो,” ती बोलू लागली. थांबलो तर परत तोंड उघडणार नाही, हे तिला माहीत होतं. “डहाळ्या चार. दादानं वाहिली नाही. चारी हिरड्याच्या. सिद्धू दादाला शोधायला गेला, एक. परत आला, आणखी एक. हिरड्याच्या सहा व्हायला हव्यात. सहाच आहेत. तो त्याआधी एकदा येऊन गेला असता तर आठ असत्या.”

“खून करणारा माणूस डहाळ्या वाहत बसंल व्हय?” नानासो हसला. हसणं कोरडं होतं.

“बसला की. इथं आणखी दोन आहेत. हिरड्याच्या नाहीत, अंजनीच्या. बारीक, चकचकीत पानाच्या. सड्यावर झुडूप म्हणून आपल्या जेवायच्या कपारीपाशी तेवढं एकच आहे. म्हणजे जेवण झाल्यावर तिथून कुणीतरी खिंडीत आला आणि परत गेला. जाताना एक, येताना एक. दादा असता तर एकच असती, कारण तो परत आलाच नाही. आणि तो वाहणाऱ्यातला नव्हता.”

“मग ह्या फोटोवाल्यानं वाहिल्या असतील!”

“त्या दोन्हीवर खडा ठेवलाय, नानासो.”

नानासोची नजर म्हसोबाच्या दगडाकडं गेली. धुक्यातून पाणी टपकत होतं तेवढाच आवाज.

“इकडची माणसं खडा ठेवत नाहीत. चांदसाहेबांनी सकाळी ठेवला नाही, सिद्धू तर हसला होता. खडा ठेवणारे आपण वडूजचे तिघं. दादा मेला. मी कपारीतून हलले नाही, चांदसाहेबांनी माझा आवाज ऐकलाय. राहिलं कोण? तुम्हाला धुक्याची भीती वाटली. सिद्धू म्हणाला होता म्हसोबा वाट चुकवतो. मारायला निघालात, पण वाट चुकायला नको म्हणून हात आपोआप देवापुढं गेला, आणि लहानपणापासूनची सवय म्हणून वर खडाही ठेवलात. पाकीट कुठाय?”

नानासो तिच्या अंगावर आला. चांदसाहेब मधे पडले आणि कॅमेऱ्याच्या तिपाईसकट आडवे झाले. पण सिद्धूचे हात आता मोकळे होते. उभा जन्म म्हशींची वेसण धरलेला तो गडी, त्यानं नानासोला मानगुटीला धरून खाली दाबलं, आणि झटापटीत नानासोचा फेटा सुटला. फेट्याच्या घडीतून खाकी पाकीट पडलं.

बनुबाईनं आतला कागद वाचला. पलटणीतल्या एका जुन्या जमादारानं हंबीरला लिहिलं होतं. जखमी साहेबाला पाठीवर घेऊन गोळ्यांतून आणणारा शिपाई आकाराम होता, नानासो नव्हे. आकारामला पायाला गोळी लागली तेव्हा नानासो त्याला तसाच टाकून पळाला, आणि तो मेल्यावर त्याची मर्दुमकी आपली म्हणून गावोगाव सांगत फिरला.

“सुपारी मोडतो म्हणाले,” नानासो चिखलात तोंड घालून रडत होता. “मी पाया पडलो, आक्का. गावाला सांगू नगा म्हटलं. ते म्हणाले, सांगत न्हाई, पर पोरगी देत न्हाई. पर आज ना उद्या तोंडातनं गेलंच असतं. सगळं गाव मला हार घालतं, आक्का. मला तोंड न्हाई ऱ्हायलं असतं.”

सिद्धूनं त्याच दोरानं त्याला बांधलं. मग तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “ह्याला खाली न्यायला दोघं लागतील. सायेब आन् मी. पर मयत असंच टाकता येत न्हाई, बाई. कोल्ही हायेत हितं. कुणीतरी बसाया पायजे. मी मान्सं घिऊन माघारी येतो. दोन-अडीच तास.”

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मग बनुबाईनं चांदसाहेबांकडून पेन्सिल घेतली आणि पाकिटाच्या मागं लिहिलं, खुनी नानासो आहे, सिद्धूच्या केसाला कुणी धक्का लावायचा नाही. खाली सही केली. एवढी वळणदार सही तिची कधी आली नव्हती.

“हे आधी दाखवा. मी बसते,” ती म्हणाली.

“तुमी?” सिद्धूला खरं वाटेना.

“माझा भाऊ आहे.”

घळ खिंडीपासून हाकेच्या अंतरावर होती. सिद्धूनं तिला हाताला धरून उतरवलं, सुभेदारांच्या अंगावर आपली घोंगडी घातली आणि तो गेला. पावलं ऐकू आली, मग येईनाशी झाली. धुकं चारी बाजूंनी जवळ सरकलं. वर कुठंतरी काहीतरी खुडबुडलं आणि तिचा श्वास अडकला. ती भावाला खेटून बसली. त्याचा हात गार होता, तरी तिनं तो धरला.

“आरं हंबीर,” ती म्हणाली. मास्तरणीची भाषा कुठल्या कुठं गेली होती. “त्याची अब्रू झाकाया एवढ्या आडरानात कशाला आणलंस त्याला? चारचौघांत बोलला असतास तर त्याचं नाक गेलं असतं रं, तुझा जीव तरी ऱ्हायला असता.”

आणि मग, सकाळपासून पहिल्यांदाच, तिला रडू आलं.