शेळीबाईंचं आठवं तोंड

वरच्या मजल्यावरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. हातात राखाडी रंगाची बाटली घेऊन ती आत डोकावली, तर समोर बसलेला माणूस चक्क तिच्याकडे बघून तोंडं वेंगाडत होता. आधी जबडा वासला, मग ओठांचा चंबू केला, मग दात दाखवले.

नोकरीचा तिसराच दिवस, पण ऐकून घेण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

"मला वेडावून दाखवताय का?"

तो दचकला. टेबलावर टेकवलेला छोटा आरसा त्यानं तिला दिसेल असा वळवला. "तुम्हाला नाही हो, मलाच. 'ऊ' म्हणताना ओठ कुठपर्यंत पुढे येतात ते बघत होतो."

"मग? कुठपर्यंत येतात?"

"मिशीमुळे नीट कळत नाही… तुम्ही म्हणून बघता का?"

आणि ती खरंच म्हणाली, "ऊ." मग आपण काय केलं हे लक्षात येऊन बाटली टेबलावर ठेवली नि जिना उतरून पळाली.

खाली रंगखोलीत मुलींना हसू आवरेना. "तोंडवाल्यांकडे गेली होतीस होय? ते कार्टूनची तोंडं काढतात. आरशाशी भांडल्याशिवाय त्यांचं काम होत नाही."

टीव्ही घरोघरी नुकता येऊ लागला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. रंगखोलीच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी सिनेमाच्या पडद्यासाठी वीस वर्षं कार्टूनं रंगवली होती. तिथे सेकंदाला चोवीस चित्रं. ससा एकदा शिंकला की मुलींची अख्खी दुपार जायची. टीव्हीला एवढी सवड कुठली? दर शुक्रवारी नवा भाग हवा. मग युक्ती निघाली. पात्रानं गप उभं राहायचं, तोंड आणि पापण्या तेवढ्या हलवायच्या. धड एका पारदर्शक तावावर, डोकं दुसऱ्यावर, तोंड तिसऱ्यावर. ताव एकावर एक ठेवायचे नि कॅमेऱ्याखाली सरकवायचे. मानेचा जोड दिसू नये म्हणून प्रत्येक प्राण्याच्या गळ्यात टाय.

"मला वाटायचं, टायवाली अस्वलं ऑफिसला जातात," ती म्हणाली.

मोठ्या बाई क्वचित हसत. त्या दिवशी हसल्या.

आठवड्यानं तिला वरून बोलावणं आलं. नवी मालिका होती, शाळेत शिकवणाऱ्या शेळीची. शेळीला सात तोंडं हवी होती: आ, ई, ऊ, ओ, फ, ल आणि एक मिटलेलं. एवढ्या सातांत जगातलं कुठलंही वाक्य बसतं, असं त्यानं सांगितलं.

"कुठलंही?"

"कुठलंही. बोलणारा पाहिजे फक्त."

"आणि शेळीला माझं तोंड देणार तुम्ही?"

"शेळीची काही तक्रार नाही."

तिला हसू फुटलं. कामाच्या ठिकाणी खिदळणं बरं दिसत नाही म्हणून तिनं ते दाबलं. खालचा ओठ दातांत धरला, तरी डावा कोपरा वर गेलाच. सातवं, मिटलेलं तोंड काढून झालं होतं. तरी त्याची पेन्सिल चालूच…

"अजून कुठलं राहिलं?"

"काही नाही. टोक कसं आहे ते बघत होतो."

शेळीबाई मुलांना भलत्याच आवडल्या. घरी धाकटा भाऊ टीव्हीसमोरून हलेना. "ताई, ही अगदी तुझ्यासारखी ओरडते," असं म्हणून तो पळायचा. पडद्यावर सगळं काळंपांढरं. तिनं मन लावून भरलेला हिरवा टाय तिथे नुसता करडा दिसे. एकदा तिनं गंमत म्हणून टाय विटकरी केला. कुणाला कळणार होतं?

दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला. "टाय बदलला वाटतं शेळीबाईंनी."

"टीव्हीवर कसा दिसला तुम्हाला?"

"टीव्हीवर नाही. ताव वाळत होते ना… येता-जाता बघतो मी."

येता-जाता! त्याची खोली वर, ताव वाळायचे तळघरात. जिना उतरून कोण येता-जाता जातं? तिनं विचारलं मात्र नाही.

तिला दुसरंच एक कोडं पडलं होतं. रंगखोलीत शेळीच्या तोंडांचा एक खण होता. त्यात सात पाकिटं, नंबर घातलेली. आणि सगळ्यांत खाली आठवं, चिकटवलेलं. वर त्याच्याच अक्षरात: वापरू नये.

"आठव्यात काय आहे?"

"ते… बिघडलेलं आहे."

"बिघडलेले ताव आम्ही धुतो नि परत वापरतो. आणू धुवायला?"

"नको," तो घाईनं म्हणाला. "राहू दे. जागा कितीशी अडते?"

वर्ष सरलं आणि मालिका संपायला आली. त्याच आठवड्यात बातमी पसरली की तोंडवाल्यांना दुसऱ्या शहरातल्या मोठ्या स्टुडिओनं बोलावलंय. शनिवारची गाडी. तो रंगखोलीत आला, रंगांबद्दल बोलला, हवेबद्दल बोलला, आरशाला तडा गेल्याचं सांगितलं आणि गेला. ती ब्रश धरून बसून राहिली. हा माणूस खरंच काही न बोलता गाडीत बसणार? की बोलण्यासारखं काही नव्हतंच, आपणच मनाचे मांडे खात होतो?

"शेवटचा प्रसंग कॅमेऱ्याकडे गेला की शेळी धुवायला काढ," मोठ्या बाई म्हणाल्या. "आठही पाकिटं."

आता उघडायलाच हवं होतं. तिनं पाकिटाची कड सोडवली आणि ताव उजेडात धरला.

खालचा ओठ दातांत. डावा कोपरा वर.

रंग त्यानं स्वतःच भरला होता आणि भयंकर भरला होता. तीन ठिकाणी रेषेबाहेर गेलेला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं कॅमेरावाल्याचा तक्ता ओढला; शेवटचा प्रसंग अजून रंगखोलीतच होता. कुठल्या क्षणी कुठलं तोंड ठेवायचं, ते त्यात लिहिलेलं असे. शेवटच्या दोन सेकंदांत शेळीबाई वर्गाचं दार ओढून मुलांकडे बघतात. तोंड नंबर सात. तिनं सात खोडला, आठ लिहिला. तक्त्याला हात लावणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसत.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे खालच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर जमले. तो दाराजवळ उभा होता. शेळीबाईंनी दार ओढलं, वळून पाहिलं… आणि हसू दाबलं. वर्षभरात प्रथमच. दोनच सेकंद. मग पडदा काळा झाला.

टाळ्या पडल्या. तो मात्र तसाच उभा. लोक पांगू लागले तेव्हा तो तिच्याजवळ आला.

"तक्त्यात सात लिहिला होता मी."

"मी आठ केला."

"का?"

"तुम्ही म्हणालात, बिघडलंय. मला तर कुठे बिघडलेलं दिसलं नाही. रंग सोडला तर."

तो कानापर्यंत लाल झाला. "आता मी काय बोलायचं असतं?"

"मला काय विचारता? सात तोंडं आहेत तुमच्याकडे. कुठलंही वाक्य बसतं म्हणे."

त्यानं तोंड उघडलं. आ. मिटलं. पुन्हा उघडलं. ती वाट बघत राहिली, खालचा ओठ दातांत धरून.

आणि मग तो बोलला, इतकं हळू की तिच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. पण हॉलच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या बाई टीव्हीवर कापड घालत होत्या, आणि त्यांचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांची तोंडं रंगवण्यात गेलं होतं; ओठांवरून वाक्य वाचायला त्यांना आवाज लागत नसे.

"चला," कापडाची घडी सारखी करत त्या स्वतःशीच म्हणाल्या, "रंगखोलीत एक नवी मुलगी बघायला हवी."