गोजराक्काचा दोर

काकणगडावर पहाट झाली ती उपाशीच. खाली वेढा घालून बसलेल्या गनिमाच्या चुली पेटल्या होत्या, भाकरीचा वास कडा चढून वर येत होता, आणि गडावरची माणसं, बाई गं, तो वासच गिळत होती!

किल्लेदार रायाजीराव मात्र मिशीला पीळ देऊन तटावर उभे. हिशेब त्यांनी आदल्या सकाळीच केला होता. उन्हात भाला उभा केला. सहा हातांच्या भाल्याची सावली बारा हात पडली. म्हणजे उंची सावलीच्या निम्मी. त्याच घटकेला कड्याची सावली खालच्या आपट्याच्या झाडाला टेकली होती. पायथ्यापासून ते झाड दोनशे हात. दर दसऱ्याला अख्खा गड तिथं सोनं लुटायला जायचा, त्यामुळं अंतर पोरासोरांना पाठ.

"कडा शंभर हात. दोरही शंभर हात वळा!"

दोरावरून उतरणार होती त्यांची धाकटी बहीण, गोजराक्का. डोंगरापल्याड तिच्या नवऱ्याचे स्वार होते. ते आले तरच गड वाचणार. वजनाला तीच हलकी, आणि नवरा ऐकायचा तिचंच.

"दादासाहेब, थोडा जास्तीचा वळावा."

"गोजरे, त्रैराशिक आहे हे! तुझ्या सासरची खीर नव्हे, अंदाजानं ढवळायला."

धुक्यात ती उतरली. दोर संपला, ताण काही संपेना.

"टेकली का रे?"

"टेकली असती तर दोर ढिला पडला असता, सरकार."

रायाजीराव तटावरून खाली वाकले. "हिशेब चुकेलच कसा?"

मागून त्यांच्या पत्नी सगुणाबाई म्हणाल्या, "झाडापर्यंत सगळा चढच आहे. चढावर सावली आखडते, कडा आहे त्याहून बुटका वाटतो. दसऱ्याला आम्हाला धाप लागायची की!"

"मला कधी लागली नाही."

"आपण पालखीत असायचा."

उपाशी हातांत धरून ठेवण्यापुरतं बळ होतं, वर ओढण्याइतकं नव्हतं. धुकं विरत चाललेलं. उन्हं पडली की कड्याला लोंबणारं लुगडं गनिमाला दिसणार. बहीण खाली टांगलेली, आणि भाऊ दोराकडं नुसता बघतोय!

मग त्यांनी पागोटं सोडलं. सुतकाशिवाय कधी न उतरलेलं. सगळ्यांनी आपापली सोडली, पिळून गाठी मारल्या, दोराच्या वरच्या टोकाला जोडली. दोर पुन्हा सरकू लागला, सरकता सरकता एकदम ढिला पडला.

टेकली, की हात सुटला? विचारणार कुणाला?

तेवढ्यात उन्हं आली. तटावर सगळी बोडकी डोकी बघून गनिमानं आरोळी ठोकली, "किल्लेदार मेला!" नगारे झडले, पहारे मोडले, जो तो नाचायला छावणीकडं धावला. रायाजीराव स्वतःच्या मरणाचे नगारे ऐकत, हातात ढिला दोर धरून बसून राहिले. पाणी पुढं आलं तरी शिवले नाहीत. किती वेळ, त्यांनाच ठाऊक नाही. अखेर पल्याडच्या खिंडीतून धूळ उठली. घोड्यांची होती. वेढा मोडला.

त्या दसऱ्याला पालखी दारातच राहिली. रायाजीराव पायी निघाले. आपट्याखाली गोजराक्का सोनं घेऊन उभी होती.

"दादासाहेब, कडा किती हात?"

उत्तर द्यायला त्यांच्याकडं श्वासच उरला नव्हता.