मेलांगेलची कोकरं

"पोरगी सापडली. ताबडतोब ये," लौरीचा निरोप होता.

सार्जंट गेथिन सायकल दामटत खोरं चढून आला. लौरीची मुलगी एकवीस वर्षांपूर्वी, सहा वर्षांची असताना, गवतकापणीच्या दिवशी नाहीशी झाली होती. आता लौरी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरनं आठवड्याची मुदत दिली होती.

"कुठंय ती, मावशी?"

"खिडकीतून बघ. थडग्यावर बसलीय."

चर्चच्या आवारात दिवस मावळत होता. धुक्यात एका थडग्यावर तीन ससे बसले होते.

"ते ससे आहेत."

"मी आंधळी नाही झाले अजून. मधली ती. रोज याच वेळी येते. एवढी थडगी पडलीत, पण दुसरीकडं कुठं बसत नाही. सार्जंट, मला स्वर्गबिर्ग नको. माझी मेलांगेल कुठंय ते सांग आणि मला तिच्याशेजारी पुरा."

बाहेरचा शहाणा साहेब असता तर तोंड लपवून हसला असता. पण गेथिनची आजीही मेलांगेलच होती. आमच्या खोऱ्यात या नावाची चेष्टा होत नाही. संत मेलांगेलनं राजाच्या शिकारी कुत्र्यांपासून एक ससा आपल्या झग्याखाली लपवला आणि कुत्री शेपूट घालून मागं फिरली. तेव्हापासून ससे म्हणजे तिची कोकरं. त्यांना इथं कुणी मारत नाही. कुत्रं मागं लागलंच तर ओरडायचं, 'देव आणि मेलांगेल तुला राखो.' पिढीत एखाद्याच मुलीला हे नाव मिळायचं आणि बाप्तिस्म्यालाच तिला बजावलं जायचं की कोकरं आता तुझी. लौरीच्या मुलीनंतर मात्र हे नाव ठेवायला एकही आई धजावली नाही.

दुसऱ्या दिवशी गेथिननं चौकीतली जुनी कागदपत्रं काढली. चौदा जुलै, एकोणीसशे छत्तीस. लौरीचा धाकटा भाऊ इडवाल याच्या बाह्या कोपरापर्यंत रक्तानं माखलेल्या होत्या. जबाब एका ओळीचा होता. 'मी ससा मारला.'

पुढं काहीच नव्हतं. पोलीस डोंगर धुंडाळायला निघून गेले होते. गावानं इडवालला वाळीत टाकलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर आजही कुणी बसत नाही. सख्ख्या बहिणीनं त्या दिवसापासून त्याच्याशी शब्द बोललेला नाही.

मग गेथिन त्या थडग्यापाशी गेला. दगडावर मार्गेड नावाच्या बाईचं नाव होतं. बाकीच्या थडग्यांवर खरबरीत गवत होतं, इथं मात्र दाट, लुसलुशीत क्लोव्हर, सशांच्या आवडीचा तिपानी चारा.

"हे कुणी लावलं?" त्यानं पाद्रीबाबांना विचारलं.

"इडवालनं. कबरी तोच खणतो ना. दर वसंतात बी टाकतो. मार्गेडला मागं-पुढं कुणी नव्हतं."

"तिला पुरलं कधी?"

पाद्रीबाबांनी वही उघडली. "पंधरा जुलै, छत्तीस. खड्डा आदल्या सकाळीच खणून ठेवला होता."

आदली सकाळ म्हणजे चौदा जुलै. गेथिन तसाच इडवालच्या घराकडं निघाला.

इडवाल दारात विळ्याला धार लावत होता. साठीला टेकलेला, वाळलेला माणूस.

"ससा कसा मारलास, इडवाल?"

"जुनं उकरू नका, सार्जंट."

"बंदुकीनं?"

"हो."

"तुझ्याकडं बंदूक होती?"

"नव्हती. दगडानं मारला."

"त्या दिवशी तू काय करत होतास?"

"लौरीचं गवत कापत होतो. घोडा ओढतो त्या कापणीयंत्रानं."

"कापणीआधी शेताला फेरी मारलीस? गवतातल्या सशांच्या पिल्लांना हाकलायला?"

इडवालचा हात थांबला. तेवढ्यात कुंपणापासून एक ससा उधळला आणि इडवालचा कुत्रा त्याच्यामागं झेपावला.

"देव आणि मेलांगेल तुला राखो," इडवाल ओरडला. कुत्रा मुकाट्यानं परत आला. इडवालनं विळा खाली ठेवला.

"चल," गेथिन हळूच म्हणाला. "बहिणीकडं जाऊ."

लौरीनं भावाला पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"मावशी, यानं ससा मारलाच नव्हता," गेथिन म्हणाला. "दगडानं मारलेल्या सशाचं रक्त कोपरापर्यंत जात नाही. आणि कुत्रं धावताच ज्याच्या तोंडून ते शब्द आपसूक निघतात, तो कोकरू मारणारा माणूस नाही. मग त्यानं असं पाप कबूल का केलं? कारण या खोऱ्यात त्याहून मोठी लाज नव्हती. ते ऐकल्यावर आपण सगळे तिथंच थांबलो. एवढं वाईट कुणी खोटं सांगेल असं कुणाला वाटलंच नाही."

"मग रक्त कुणाचं?" लौरीनं भिंतीकडं बघतच विचारलं.

गेथिन इडवालकडं वळला.  इडवाल जमिनीवरच बसला.

"पाऊस येत होता," तो म्हणाला. "म्हणून फेरी मारली नाही. एकदाच नाही मारली, लौरी. ती उंच गवतात उकिडवी बसली होती. हलली नाही. घोडा अडखळला तेव्हा मला कळलं."

"का नाही हलली?"

"झग्याखाली सशाचं पिल्लू होतं."

लौरीचं तोंड अजून भिंतीकडंच होतं.

"त्या वसंतात तुझा नवरा गेला होता," इडवाल म्हणाला. "तुला कसं सांगू? मार्गेडचा खड्डा तयार होता. मी तो आणखी खोल केला. माझ्या कोटात गुंडाळून तिला ठेवलं, वर माती टाकली. दुसऱ्या दिवशी वर मार्गेडची शवपेटी ठेवली. पवित्र माती तरी मिळाली तिला. एकटं वाटू नये म्हणून क्लोव्हर लावलं. ससे यावेत म्हणून."

"म्हणून ते तिथंच बसतात, मावशी," गेथिन म्हणाला. "तुम्ही बोट दाखवलंत ती जागा बरोबर होती."

खिडकीबाहेर पुन्हा धुकं उतरत होतं.

"पिल्लू?" लौरीनं विचारलं.

"जिवंत होतं. माझ्या हातावरून उडी मारून पळालं."

लौरी सावकाश वळली. एकवीस वर्षांनी तिनं भावाचा चेहरा नीट पाहिला.

"न मारलेल्या सशासाठी मी तुझ्याशी बोलले नाही," ती म्हणाली. "आणि पोरीसाठी बोलू की नको, ते मला आज कळत नाही. उद्या जगले तर बघू."

इडवाल उठून दाराकडं निघाला.

"जातोस कुठं? बस. हा सार्जंट तुला नेईल तेव्हा नेईल," लौरी म्हणाली. "आधी माझा खड्डा खण. तिच्या उजव्या अंगाला. आणि इडवाल, खणण्याआधी फेरी मार."