तिसरा पुकारा

माघात पावसाला कुणी बोलावलं होतं, कोण जाणे! पण आला, आणि दिग्रसच्या ट्रक युनियनच्या पटांगणात चिखल करून बसला. खिडकीतल्या रुपालीने माइक बंद केला, तोच एक ओलाचिंब चेहरा गजांशी येऊन थांबला.

"एकोणचाळीस नंबर माहा हाय. पुकारला का?"

"तीनदा पुकारला. आता तुमची गाडी शेवटी."

"अन् चौथ्यांदा पुकारलं तं तुमचा गळा बसते का?"

रुपालीला हसू आलं, पण तिने ते ओठांतच दाबलं. नियम म्हणजे नियम. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून माल निघाला की पाटीवरच्या क्रमाने गाड्या पुकारायच्या. तीन पुकाऱ्यांत ड्रायव्हर आला नाही, तर नंबर सगळ्यांच्या मागे. एका गाडीवाल्याला हाच नियम आणि दहा गाड्यांच्या मालकालाही हाच.

"गेलते कुठं एवढा वेळ?"

"तिकडं एका बुढ्याच्या गाडीवर ताडपत्री बांधून राह्यलतो. कापसाच्या गाठी भिजत होत्या न त्याच्या..."

तिने मान खाली घातली. पाटीवर एकोणचाळीस शेवटी गेला तो गेलाच. पण आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून तिने गजांमधून पुढे सरकवला. त्याने तो उभ्याउभ्याच प्यायला, आणि बशी परत देताना उगाच दोन क्षण धरून ठेवली.

त्याचं नाव ओम राठोड. जवळच्याच तांड्यावरचा, स्वतःची एकच गाडी, स्वतःच चालवणारा. त्या दिवसापासून तो पहिल्या पुकाऱ्याला कधी आला नाही. दुसरा झाला की निवांत पावलं टाकत यायचा.

"पहिल्यांदा ऐकू येत नाई का तुले?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते तिलाही कळलं नाही.

"येते न. पण तुह्या आवाजात एकदा ऐकून मन भरत नाई."

"अन् एखाद दिवशी तिसराबी हुकला तं?"

"दुसऱ्याले मी येतोच. शब्द हाय माहा."

युनियनवरून मात्र दोघांचं रोज वाजायचं. ओम म्हणायचा, "हातात गाडी, अंगात दम, अन् तीन-तीन दिवस लायनीत बसून राह्याचं. मले मेंबर व्हायले दोन वर्षं लागले. का तं म्हणे, जागा नाई! माह्ये पणजोबा बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले. त्यायचा नंबर कोण पुकारत होतं?"

"एकटे फिरत होते का ते? सारा तांडा संग चालत होता न? नायक म्हणन तिथं थांबत होता न? मंग ते काय होतं?"

ओमने हात जोडले. "हारलो, बावा..."

तिला युनियनचा अभिमान उगाच नव्हता. चार वर्षांपूर्वी तिच्या वडिलांच्या, उकंडाच्या पायावर कापसाची गाठ कोसळली होती. पाय गेला. तेव्हा दवाखाना, घरचा किराणा, सगळं युनियनने पाहिलं आणि पोरीला ही खिडकी दिली. खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढं तिला ठाऊक होतं. ओमवर जीव जडला होता हेही ठाऊक होतं. पण ती दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवून होती, वेडी!

फेब्रुवारीत जिनिंगवाल्यांनी भाडं पाडलं आणि युनियनने बंद पुकारला. चाकं थांबली. आठ दिवस खिडकी मुकी राहिली. नवव्या दिवशी आभाळ पुन्हा काळवंडलं.

त्या दुपारी रुपाली मावशीला भेटून नेरहून एसटीने परतत होती. एका फाट्यावर बस थांबली. समोरून कापसाने फुगलेला ट्रक येत होता.  समोरच्या काचेमागे नंबरची पट्टी होती, एकोणचाळीस. पावसाच्या भीतीने तांड्यावरच्या अंगणांतून उचललेला सगळ्यांचा कापूस होता तो, हे तिला न सांगताही समजलं. ओमने तिला पाहिलं. नजर चुकवली नाही. हात अर्धवट वर केला... आणि गाडी नेरकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. एकाने ट्रक लांबून पाहिला होता, पण नंबर वाचला नव्हता. ओम अजून नेरहून परतला नव्हता. अध्यक्ष सुनीलभाऊ रुपालीकडे वळले.

"पोरी, तू काल त्याच रस्त्यानं आली. कोणाची गाडी होती? बंद मोडणाऱ्याचा नंबर रद्द, हा नियम हाय. पाह्य, आज एकाले माफ केलं तं उद्या दहा निघतीन. बंद मोडला तं उद्या उकंडासारख्याले कोण पाहीन?"

पहिल्याच रांगेत उकंडा कुबडी मांडीवर घेऊन बसला होता. एक 'नाही पाहिली' म्हटलं असतं तर ओम वाचला असता.  'त्याने काय चोरी केली?' असं ओरडावंसं वाटलं. पण वडिलांच्या रिकाम्या पायजम्याकडे नजर गेली, आणि शब्द आपोआप फुटला.

"एकोणचाळीस."

अकराव्या दिवशी जिनिंगवाले नमले. भाडं वाढलं, पेढे वाटले गेले. रुपालीच्या वाट्याचा पेढा कागदातच सुकला.

ओम आला तो नंबरची पत्र्याची पट्टी जमा करायला. तिने ती घेतली. 

"कापूस... भिजला नाई न?"

"नाई. पाव्हण्यावाणी कोरडा पोचवला."

"मंग बरं केलं तू."

"तूबी खरं बोलली. पण लागलं, रुपाली. लय लागलं." तो गज धरून उभा राहिला. "मारेगावकडं चुलतभाऊ हाय, तिकडं गाडी लावतो. जाता जाता सांगतो, माहं मन हाय तुह्यावर. पहिल्या अर्ध्या चहापासून."

"माहंबी हाय, ओम."

"मंग चाल संग."

तिचे डोळे भरून आले. "बाबाले टाकून? अन् ज्या तोंडानं तुहा नंबर घालवला, त्याच तोंडानं उद्या तांड्यावर तुह्या मायले काय म्हणू?"

 ओमने हलकेच तिच्या बोटांवर हात ठेवला आणि तो गाडीकडे गेला.

रद्द झालेला नंबरही तीनदा पुकारावा लागतो. मगच तो पाटीवरून पुसतात आणि नव्या माणसाला देतात. सुनीलभाऊंनी खूण केली. रुपालीने माइक सुरू केला.

"एकोणचाळीस..."

ट्रक फाटकाबाहेर पडत होता.

"एकोणचाळीस..."

ट्रकचे मागचे लाल दिवे लागले. गाडी थांबली. दुसऱ्याला तो यायचाच... रुपाली श्वास रोखून बघत राहिली. दार उघडलं नाही. थोड्या वेळाने दिवे विझले आणि गाडी मारेगावच्या रस्त्याला लागली.

"पोरी, तिसऱ्यांदा पुकार न."

"गळा बसला, भाऊ," ती म्हणाली आणि तिने माइक बंद केला.

तेव्हापासून पाटीवर सगळ्यात खाली एकोणचाळीस तसाच आहे. नंबरची वाट बघणारं कुणीतरी यादीत ताटकळतंय, हे तिला कळतं. सुनीलभाऊ आठवड्याला आठवण करून देतात. ती "हाव, पुकारते" म्हणते आणि कपातला अर्धा चहा बशीत ओतून खिडकीशी ठेवते.