व्हेस्टरनेसची न संपलेली सभा

आश्लेषाला खुर्च्यांची भीती वाटेल असं कुणी म्हटलं असतं, तर ती खळखळून हसली असती. कौन्सिलच्या सभांची व्यवस्था बघायची हे तिचं काम. खुर्च्या मांडायच्या, उचलायच्या आणि त्यांवर बसून कुरकुरणाऱ्या मंडळींना चहा पाजायचा, यातच तिची वर्षं गेलेली. बाई मूळची लेस्टरची. नवऱ्याच्या, म्हणजे डॉक्टर उदयच्या, नोकरीपायी लिंकनशरच्या किनाऱ्यावर स्केल्बीत येऊन पडली होती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कोबीची शेतं, आणि मधे नुसता वारा.

यंदा त्या कौन्सिलचंच विसर्जन व्हायचं होतं. आसपासची कौन्सिलं गोळा करून एक मोठं करायचं ठरलं, आणि टाउन हॉल रिकामा करायचं लचांड आश्लेषाच्या गळ्यात पडलं. वरच्या मजल्यावर एक खोली होती, तिला सगळे डॅनिश रूम म्हणत. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर व्हेस्टरनेस नावाची एक नगरपालिका होती. स्केल्बीशी तिचं जुळ्या गावाचं नातं. २००७ साली तीही अशीच एका मोठ्या पालिकेत विरघळली, आणि जाताना आपल्या सभागृहातलं टेबल, खुर्च्या आणि अध्यक्षांची पितळी घंटा इकडे भेट देऊन गेली. तेव्हापासून त्या खुर्च्यांवर कुणी बसलेलं नव्हतं. तरी त्यांच्या गाद्या ओल्या लागत. आश्लेषाने छत पाहिलं, पाइप पाहिले. सगळं कोरडं ठणठणीत. गाद्यांवर मात्र मिठाचे पांढरे डाग होते. समुद्राची हवा, दुसरं काय, असं केअरटेकर म्हणाला खरा, पण त्याने उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

शाळेला हाफ टर्मची सुट्टी लागली तशी सात वर्षांची तनू आईबरोबर ऑफिसात यायला लागली. पोर गुणी. रंगांची पेटी दिली की कुठेही रमायची. एका दुपारी घरी निघायच्या वेळी आश्लेषा तिला शोधत वर गेली, तर ही डॅनिश रूमच्या दारात उभी राहून आत कुणाला तरी हात हलवत होती. कुणाला गं टाटा करतेस, असं तिने सहज विचारलं.

"आजोबांना. खूप आजोबा आहेत. त्यांचा मीटिंग चाललाय. एक खुर्ची रिकामा आहे."

"आणि तू काय म्हणालीस त्यांना?"

"तूच सांगितलंस ना, जाते नाही म्हणायचं, येते म्हणायचं. मग मी इंग्लिशमध्ये सांगितलं. आय विल कम."

आश्लेषाने आत डोकावलं. खोलीत कुणी नव्हतं. पण सकाळी तिने भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्या आता टेबलाभोवती नीट मांडलेल्या होत्या, आणि त्यातली एक जराशी मागे ओढलेली होती, कुणाला बसायला बोलवावं तशी. तिने तनूचं मनगट धरलं आणि जवळजवळ पळतच जिना उतरली.

शाळा सुरू झाली आणि बाईंचा फोन आला. प्रश्न विचारलेला नसतानाही तनू हात वर करते, म्हणाल्या. काही त्रास आहे का घरी? घरीही तेच. वरणभात खाता खाता उजवा हात वर जायचा, क्षणभर थांबायचा, खाली यायचा. तनूला विचारलं तर म्हणे, ते विचारतात तेव्हा करायला लागतं. मग एका सकाळी हात वर गेला तो खाली येईचना. बोटं बर्फासारखी गार, आणि त्यांच्यावरून पाणी निथळत होतं. उदयने एक थेंब जिभेला लावून पाहिला. खारट होता. त्याने नसा तपासल्या, एक्स-रे काढले, सहकाऱ्यांना दाखवलं. कुणाला काही कळेना.

आश्लेषाने डेन्मार्कला फोन लावला. खुर्च्या परत घ्याल का म्हणून मोठ्या पालिकेतल्या बिर्गित नावाच्या बाईंशी तिचं मागेच बोलणं झालं होतं. बिर्गितने सगळं ऐकून घेतलं. मग तिने व्हेस्टरनेसच्या शेवटच्या सभेबद्दल सांगितलं. विलीनीकरणाचा ठराव होता. बांधाजवळच्या वाडीचा सभासद आलाच नाही. येताना समुद्राने नेला, असं लोक म्हणतात. जागा भरल्याशिवाय मी सभा संपवणार नाही, असं अध्यक्ष म्हणाले. त्यांनी घंटा वाजवलीच नाही. बाकीचे ताटकळून घरी गेले. आता त्यांच्यापैकी कुणीच हयात नाही.

"तुमच्या मुलीने येईन म्हटलं," बिर्गित म्हणाली. "आमच्याकडे एकदा पद स्वीकारलं की आपल्या मनाने सोडता येत नाही. सभेनेच मोकळं करावं लागतं. आणि मोकळं केलं, की बदली माणूस बसतो."

"तो कोण?"

"जो हजर असेल तो. तुम्ही जाणार असाल तर तिथे कशालाच हो म्हणू नका."

आश्लेषाने मनाशी घोकलं. हो म्हणायचं नाही. येते म्हणायचं नाही. जीव गेला तरी नाही.

भर दुपारी ती टाउन हॉलमध्ये गेली. उदय तनूला घेऊन खाली कार पार्कमध्ये थांबला होता. त्याचा यावर विश्वास नव्हता, पण दुसरं करण्यासारखंही त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

खोलीत शेवाळाचा वास दाटला होता. जमीन ओली होती.

ठरावाची भाषा आश्लेषाला तोंडपाठ. टेबलापाशी उभी राहून तिने इंग्लिशमध्ये सांगितलं, की तनू लहान आहे, सभासद होण्याचं तिचं वय नाही, तिला मोकळं करावं.

ओलं कापड हलल्यासारखा आवाज टेबलाभोवती फिरला. मत द्यायला बाह्या वर जात असाव्यात.

मग तो आवाज थांबला.

ती खिडकीकडे धावली. खाली गाडीपाशी तनूचा हात खाली आला होता. पोर तो हात चोळत होती, बापाला काहीतरी सांगत होती, हसत होती. उदयने तिला उचलून घट्ट धरलं.

आश्लेषाने खिडकी उघडली. तिचे गाल ओले झाले होते.

उदयने वर पाहिलं आणि हाक मारली. "आशू, चल लवकर."

"आले, आले," ती म्हणाली.

मागे घंटा वाजली.

एक खुर्ची जमिनीवरून घासत तिच्या गुडघ्यांमागे येऊन टेकली.

"आलात?" कुणीतरी स्वच्छ मराठीत, फार अदबीने म्हणालं. "बसा."