अंगावर घेतलेला आळ

"मी माझ्या भावासाठी आलोय, तुझ्यासाठी नाही... हे आधीच सांगून ठेवतो!"

मोठे भाऊजी दारातच उभे राहून म्हणाले, आणि आठवड्यापूर्वी नवरा गेलेल्या त्या बाईने भरल्या घरासमोर मान खाली घालून नुसती वाट करून दिली. शोकसभेसाठी दिवाणखान्यात खुर्च्या मांडून बसलेली माणसं उगाचच खोकली. तिला कशाचंच काही वाटलं नाही. भाऊजी आले होते! अठरा वर्षं ज्या घराकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या घरात येऊन ते धाकट्या भावाच्या फोटोपुढे उभे होते, लहान मुलासारखे हुंदके देत होते... आणि तिच्या व्याकुळ मनाचा एकच धावा चालला होता. यांच्या डोळ्यांतलं हे पाणी असंच निर्मळ राहू दे. आजचा एवढा दिवस निभावून जाऊ दे!

भाऊजींचा राग तिच्यावर होता, आणि तो तिच्यावरच राहायला हवा होता. सासरी तिला सगळे 'धाकटी' म्हणत. पुढे त्याच तोंडांनी 'घरभेदी' म्हटलं, तेही तिने निमूट ऐकून घेतलं.

गेलेला माणूस शहराचा नगररचनाकार होता. कुठला रस्ता किती रुंद व्हायचा, बाग कुठे, शाळा कुठे, हे ठरवणारा. पण कागदावर रेष ओढली आणि घरी जाऊन झोपला, असा तो नव्हता. रेष ओढायच्या आधी तिच्यावरून तो स्वतः पायी चालून यायचा, तेही लेकीला खांद्यावर घेऊन. "बाबांबरोबर फिरायला नको बाई, ते पदपथच तपासत बसतात!" असं ती चिमुरडी तक्रारीने सांगायची आणि तो खो खो हसायचा. चपलांच्या कपाटाला त्याने वाहनतळ नाव दिलं होतं, खिडकीजवळची खुर्ची बायकोसाठी 'आरक्षित' होती, आणि भिंतीला रंग द्यायचा झाला तर जेवताना तो गंभीर चेहरा करून म्हणायचा, "हरकती आणि सूचना मागवल्या आहेत हं, नंतर कुरकुर चालणार नाही!" असा माणूस... घर आणि शहर यांत त्याने कधी फरक केला नाही. तेच त्याला भोवलं.

शहराचा नवा आराखडा तयार होत होता. असा आराखडा जाहीर होईपर्यंत गुपित असतो. नाहीतर कुठून रस्ता जाणार हे कळलेले लोक रातोरात जमिनी हडपतात! त्याने त्या गुपिताची शपथ घेतली होती. आणि त्याच महिन्यांत त्याच्या लक्षात आलं, की मोठा रस्ता एकतर प्रसूतिगृहावरून जाईल, नाहीतर समोरच्या बाजूने, त्याच्या स्वतःच्या वडिलांच्या घरावरून. त्या घरात त्याच्या दादाचा, म्हणजे याच भाऊजींचा, छापखाना होता. दादाने नुकतीच मागच्या बाजूला नवी इमारत बांधायला घेतली होती, आयुष्याची सगळी पुंजी तिच्यात ओतली होती... आणि धाकटा भाऊ तोंडातून चकार शब्द काढू शकत नव्हता. त्याने रेष घरावरूनच ओढली, आणि तो गप्प राहिला.

आराखडा जाहीर झाला आणि आकाश कोसळलं. छापखाना बुडाला, सासूबाईंना भाड्याच्या खोलीत राहावं लागलं. "तुला ठाऊक होतं! मी विटेवर वीट रचत होतो आणि तू बघत होतास!" दादा गरजला, "आजपासून मला भाऊ नाही!" आणि तिचा नवरा नुसता बसून राहिला, पांढरा फटक पडून. ज्या दादाने बाप गेल्यावर त्याला शिकवलं, मोठं केलं, तो दादा असा तुटून चालला होता. हा माणूस यातून जगायचा नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. ती पुढे झाली आणि म्हणाली,

"भाऊजी, ते तुम्हाला सांगायलाच निघाले होते. मी अडवलं. नोकरी जाईल म्हणून मीच त्यांना माझी शपथ घातली!"

धडधडीत खोटं! पण लागू पडलं. सगळा वणवा तिच्यावर वळला आणि भाऊ वाचला. दोघं बाहेर कुठे बागेत भेटू लागले, बाकावर बसून बोलू लागले. घरी मात्र दादा फिरकला नाही. दर वेळी बूट घालता घालता नवरा म्हणायचा, "आज सांगतोच त्याला. हे पाप आता सहन होत नाही गं." आणि ती म्हणायची, "सांगाल तर माझं मेलेलं तोंड पाहाल!" तो मुकाट निघून जायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दोघांनी सारखाच खाल्ला. लेकसुद्धा मोठी झाली ती आईच्या स्वार्थापायी काका तुटले असं समजून, आणि आईने तेही गिळलं.

शोकसभेत एकेकजण उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलत होता. तेवढ्यात त्याच्या कचेरीतली अधिकारी बाई उभी राहिली, आणि पाहताक्षणी धाकटीने तिला ओळखलं. ही बाई त्या वेळी तिथे नवी लागली होती... हिला सगळं ठाऊक होतं! तिने डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली. उठून मध्येच "चहा घेऊया का आधी?" असंही म्हणून पाहिलं. माणसांनी कीव आल्यासारखं तिला खाली बसवलं.

"सरांसारखा सचोटीचा माणूस मी पाहिला नाही," अधिकारी बाई सांगू लागली, "आराखड्याचं काम चालू होतं तेव्हा त्यांनी घरातही कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. नकाशा लोकांसाठी भिंतीवर लावला त्या दिवशी वहिनी स्वतः रांगेत उभ्या राहून आल्या होत्या. मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांनी सासरच्या घराचा पत्ता सांगितला, मी छडी ठेवून दाखवलं, हे बघा, तुमच्या घरावरून रस्ता जातोय... आणि त्या जागच्या जागी मटकन खाली बसल्या. पाणी मीच पाजलं. तेव्हा कळलं, की या सरांच्या पत्नी! सख्ख्या बायकोला शहरातल्या इतर लोकांबरोबरच कळलं होतं हो..."

पुढचं धाकटीला ऐकूच आलं नाही. भाऊजी उठले होते. थेट तिच्यासमोर येऊन उभे राहिले होते.

"तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं, भाऊजी! त्या बाईंची काहीतरी गफलत..."

"खोटं बोलू नकोस!"

"मीच अडवलं होतं हो त्यांना! मीच!" ती किंचाळली, आणि मग तिचं सारं अवसान गळालं. तिने हात जोडले. "त्यांच्यावर रागावू नका, भाऊजी... गेलेल्या माणसावर नका रागावू! ते रोज जळत होते. मला हवं ते बोला, पण त्यांना परकं करू नका!"

उंचेपुरे, म्हातारे भाऊजी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"राग? अगं, सगळा तुझ्यावर काढून संपवला की मी. त्याच्यासाठी उरलाय कुठे आता?" ते भावाच्या फोटोकडे वळले. "नवीन इमारतीचा स्लॅब ओतला ना, त्या दिवशी हा छोट्या आला होता. दिवसभर उन्हात उभा राहिला, घास खाल्ला नाही. मला वाटलं, माझी भरभराट याला बघवत नाही! आणि जायच्या आधीच्या रविवारी म्हणाला, दादा, एक सांगायचंय. मी म्हटलं, बायकोची वकिली करणार असशील तर मी उठतो. खरंच उठलो गं मी... तो हाका मारत होता, आणि मी मागे वळून पाहिलं नाही."

लेक भिंतीला टेकून तोंडावर हात घेऊन रडत होती.

"तो माझ्यावर चिडून गेला असेल, धाकटे?"

"नाही, भाऊजी. ते तुमच्यावर कधीच चिडले नाहीत."

"आणि तू?"

तिने तोंड उघडलं. नाही म्हणायची तिला अठरा वर्षांची सवय होती... पण आज आत कुठेतरी दाबून ठेवलेलं काहीतरी एकदम उसळून वर आलं.

"मी चिडले!" ती ओरडली, "रोज चिडले मी! सासूबाई शेवटच्या घटका मोजत होत्या, आणि तुम्ही मला पायरीवरून हाकलून दिलंत! माझ्या पोरीच्या लग्नात तिच्या डोक्यावर हात ठेवायलाही आला नाहीत! माझं काय चुकलं होतं, भाऊजी? एकदा तरी विचारायचं होतंत मला... एकदा तरी!"

"बोल," भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "अजून बोल."

लेक धावत आली आणि आईला मिठी मारून तिच्याजवळ बसली. माणसं एकेक करून उठली, चपला घालून हळूच बाहेर पडली. धाकटी रडत होती, सांगत होती, मध्येच भाऊजींवर ओरडत होती, आणि भाऊजी तिच्यासमोर बसून सगळं ऐकत होते.